शिडी धरणारा

१

वाचनालयाची बाग हे आम्हाला आजवर मिळालेलं सगळ्यात झकास काम. सावली भरपूर, नळ हाताशी, मागच्या दाराशी चहाचं यंत्र, आणि कटकट करायला एकच माणूस, ग्रंथपाल बाई. त्यांचीही अट एकच होती. आवाज नको. वाचकांना त्रास होतो म्हणून छाटणीचं मशीन लावायचं नाही, मोठ्या कात्रीनं हातानंच काम करायचं, आणि बोलायचं तर हळू.

ही अट ऐकून मी मेहुण्याकडे बघितलं आणि मला हसूच फुटलं. बायकोच्या या धाकट्या भावाला मी रेडिओ म्हणतो, कारण त्याला बंद करायचं बटण अजून कुणाला सापडलेलं नाही. त्यानं बाईंसमोर तोंडावर बोट ठेवून मान डोलावली आणि त्या आत वळायच्या आधीच गाणं गुणगुणायला लागला.

आमची कामाची वाटणी ठरलेली होती. मी चढायचं, त्यानं शिडी धरायची. पूर्वी तो दुसऱ्या एका टोळीबरोबर झाडं छाटायला जायचा. तिथे शिडी धरायला माणूस देत नसत. धरणारा म्हणजे रिकामा उभा राहिलेला, असं त्यांना वाटायचं. एका सकाळी शिडी बाजूला सरकली आणि रेडिओ फरशीच्या कडेवर आपटला. खुब्यात सळई घातली, अख्खा उन्हाळा अंथरुणात गेला, आणि चालताना एक पाय किंचित ओढायची सवय कायमची लागली. तो हिंडायला-फिरायला लागला तेव्हा बायकोनं त्याला माझ्या हवाली केलं.

"तो वर जाणार नाही," ती म्हणाली. "खाली धरेल. बाकी काय वाटेल ते काम सांगा."

"आणि माझी नजर चुकवून चढला तर?"

"तर तुम्ही त्याच्याकडेच राहायला जा. या घरी येऊ नका."

ती हसत हसत म्हणाली, पण वीस वर्षं संसार केल्यावर कुठलं हसणं खरं आणि कुठलं नाही हे कळतं. मी होकार दिला.

शिडी धरणं दिसतं तेवढं सोपं नसतं. खालच्या पायरीवर एक पाय रोवायचा, दोन्ही दांडे घट्ट पकडायचे आणि मान खाली घालायची, कारण वरून कातरण डोळ्यांत पडते. वरचा खाली बघत नाही, खालचा वर बघत नाही. इथे बोलायचीही बंदी, म्हणून आम्ही खुणा ठरवल्या. चढणाऱ्यानं दांड्यावर टिचकी मारायची. खालून दोनदा टकटक झाली की धरलंय, चढा. वरून टाच आपटली की उतरतोय. आणि वरच्याचे दोन्ही पाय जमिनीला लागेपर्यंत खालच्यानं आपला पाय काढायचा नाही, मग काहीही होवो. रेडिओ बाकी कितीही वाह्यात असला तरी या बाबतीत पक्का होता. पडलेला माणूस होता तो.

२

बागेच्या दोन बाजूंना सरूची भिंत होती. झाडं इतकी जवळजवळ लावलेली की त्यांच्यातून उंदीरही जाऊ नये. कोपऱ्यात, जिथे दोन रांगा मिळत, तिथे ती सगळ्यात उंच आणि दाट होती, आणि कित्येक दिवस तिला कुणी कात्री लावलेली नव्हती.

लांब शिडी आम्ही त्या कोपऱ्यात लावली. खालच्या फांद्या एवढ्या पसरलेल्या की शिडीचे पाय पानांच्या आत ढकलावे लागले. जमीन भुसभुशीत लागली, म्हणून पायांखाली जाड फळी टाकली. धरायला रेडिओ आत शिरला की वरून तो दिसेनासा होई, नुसता त्याचा श्वास आणि मधूनच गाण्याची एखादी ओळ. रोज ही शिडी काढून ठेवणं त्याच्या खुब्याला झेपलं नसतं. काम संपेपर्यंत ती तिथेच उभी राहू द्यायची असं मी ठरवलं. असं आम्ही कधी करत नाही, पण बाग कुंपणाच्या आत होती आणि शिडी न्यायला कोण येणार होतं.

एका सकाळी मी धारेची दुसरी कात्री घ्यायला खाली उतरलो, ती घेतली आणि परत शिडीपाशी आलो. वरच्या फांद्यांकडे बघतच दांड्यावर टिचकी मारली. खालून दोनदा टकटक आली. मी चढलो.

काम असं सुरू झालं की काय सांगू. शिडी गच्च होती. रेडिओ धरतो तेव्हा थोडं हलतंच, त्याला पाय बदलावा लागतो. आज काही म्हणता काही हललं नाही. दोन्ही हात मोकळे सोडून मी पार पलीकडच्या फांदीपर्यंत वाकलो आणि माझ्या मनात आलं, पठ्ठ्याचा पाय सुधारला.

तेवढ्यात हिरवळीच्या त्या टोकाकडून हसणं ऐकू आलं. रेडिओ नळाशी उभा होता, बादली भरत, ग्रंथपाल बाईंना काहीतरी सांगत. बाई ओठांवर बोट ठेवत होत्या.

कात्री मी फांदीत अडकवली आणि दोन्ही हातांनी दांडे धरले. खाली बघितलं तर नुसती हिरवी पानं, आणि त्या पानांत शिरलेली शिडी. कितीतरी वेळ मी तसाच राहिलो. मग सवयीनं, दुसरं काही सुचेना म्हणून, टाच आपटली आणि उतरायला लागलो. एकेका पायरीला वाटत होतं, आता सरकेल. नाही सरकली. माझे दोन्ही पाय जमिनीला लागले आणि मगच शिडी किंचित सैल झाली, कुणीतरी पाय काढल्यावर होते तशी.

मी फांद्या बाजूला करून आत पाहिलं. आत कुणी नव्हतं.

३

आपलं डोकं आपल्याच बाजूचा वकील असतं. शिडी जमिनीत बसली असणार, म्हणून हलली नाही. वाऱ्यानं एखादी वाळकी काटकी दांड्यावर आपटली असणार, म्हणून टकटक. दुपारपर्यंत माझी खात्री पटली होती, आणि तरी मी रेडिओला फुलझाडांची माती उकरायला पाठवलं आणि एकट्यानं जाऊन टिचकी मारून बघितली.

टकटक. लगेच, अगदी मी विचारायची वाट बघत असल्यासारखी.

खरं सांगायचं तर भीती वाटायला हवी होती तेवढी वाटली नाही. मी चढलो. एवढी वर्षं शिडीवर काढली, पण आपण पडणार नाही याची अशी खात्री मला कधी वाटली नव्हती. लहानपणी आईनं चालायला शिकवताना बोट धरलं असेल तेव्हा वाटली असेल तर. वर वारा होता, सरूचा ओला वास होता, कात्रीचा करकर आवाज होता, आणि मी मनापासून खूश होतो. रेडिओला मी सांगितलं की शिडी आता घट्ट बसली आहे, धरायची गरज नाही, तू सावलीत बसून करायची कामं कर. त्याचा पाय दुखायचा थांबला. बायको म्हणाली, तुमच्या चेहऱ्यावर तेज आलंय. सगळ्यांचंच भलं चाललं होतं.

फक्त फळी दिसेना. शिडीच्या पायांखाली टाकलेली जाड फळी, ती एका सकाळी तिथे नव्हती.

"तू काढलीस?" मी रेडिओला विचारलं.

"मी कशाला काढू? शिडीखालची फळी काढतात का कुणी?"

आणखी एक गोष्ट. शिडीच्या एका पायरीला मी लाल पट्टी चिकटवली आहे, तिच्यावर पाय ठेवायचा नाही म्हणून. पहिल्या दिवशी शेंडा कापायला मी त्या पट्टीच्या बराच खाली उभा होतो. आता तोच शेंडा गाठायला पट्टीला पाय लागत होता. सरू वाढतो, मी मनाशी म्हटलं. वाढतो म्हणूनच तर आपलं पोट भरतं.

ग्रंथपाल बाई चहाच्या यंत्रापाशी भेटल्या. त्या जरा अवघडल्या होत्या.

"तुमचं काम छान चाललंय हो. एक सांगायचं होतं. ती कोपऱ्याकडची खिडकी आम्ही बंद करून घेतली."

"का? कात्रीचा आवाज येतो का?"

"कात्रीचा नाही. तुमचा तो खालचा माणूस. तो बोलत नाही, पण त्याला फार दम लागतो. मोठमोठ्यानं श्वास घेतो. काल एका वाचकानं जागाच बदलून घेतली." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "एखाद्याला झेपत नसेल तर त्याला मधूनमधून बसू द्यावं. मी आपलं सांगितलं."

मी मान हलवली. चहा गार होईपर्यंत हातातच राहिला.

४

त्या संध्याकाळी जेवताना रेडिओ आमच्याकडेच होता. त्याला भूक चांगली लागते आणि ताईच्या हातचं म्हटलं की जास्तच.

"ताई, दाजींना आता माझी गरज नाही," तो म्हणाला. "शिडी आपोआप उभी राहते. मी फुलझाडांशी गप्पा मारत बसतो."

बायकोचा हात ताटावर थांबला. "म्हणजे? शिडी कोण धरतं?"

"घट्ट बसलीये ती," मी म्हणालो.

"हा पडला तेव्हाही घट्टच बसली होती म्हणे."

रेडिओ पाणी प्यायला, त्यानं भांडं खाली ठेवलं. मग नेहमीच्या थट्टेचा सूर सोडून तो म्हणाला, "ताई, मला एकदा वर जायचंय."

"नाही."

"ऐक तरी. मी झोपलो की अजून पडतो. रोज. खाली उभा राहिलो की दाजी पडताना दिसतात. एकदा मी माझ्या पायांनी चढलो आणि माझ्या पायांनी उतरलो ना, तर ते जाईल असं मला वाटतं. आणि अशी शिडी परत मिळायची नाही. दाजींना विचार, भिंतीसारखी आहे."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी खरं सांगायला हवं होतं, पण खरं म्हणजे नेमकं काय सांगणार होतो? शिडी कुणीतरी धरतं आणि आता तो दमलाय, हे वाक्य जेवणाच्या टेबलावर उच्चारून बघा.

"काही चढायबिढायचं नाही," मी म्हणालो. "उद्या शिडी काढून टाकू. कोपऱ्याचं काम झालंच आहे."

"शेंडा राहिलाय," रेडिओ म्हणाला.

"राहू दे."

बायकोनं त्याच्या ताटात आणखी वाढलं आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. माझ्याकडे मात्र तिनं वळूनही बघितलं नाही.

५

सकाळी शिडी काढायचीच म्हणून मी निघालो होतो. फाटकातच ग्रंथपाल बाईंनी गाठलं. आतल्या दालनातल्या कुंड्यांना कीड लागली होती, तेवढं बघून द्या म्हणाल्या. मी रेडिओला हत्यारं मांडायला सांगितलं आणि आत गेलो.

शेवटची कुंडी कोपऱ्याकडच्या बंद खिडकीजवळ होती. पानं उलटी करून बघताना मी सहज काचेतून बाहेर बघितलं.

रेडिओ शिडीवर होता. पार वर, लाल पट्टीच्याही वरच्या पायरीवर. दोन्ही हातांत कात्री, शिडीला हात लावलेलाच नाही, आणि तो शेंडा कापत होता. त्याचे ओठ हलत होते, गाणं चाललं होतं. एवढा सुखी चेहरा मी त्याचा पडल्यापासून पाहिला नव्हता.

वर असलेल्या माणसाला हाक मारायची नाही, हे आमच्यात लहान पोरालाही माहीत असतं. दचकला की गेला. मी खिडकीवर टकटकही केली नाही. दालनातून चालत गेलो, मागचं दार हळू उघडलं, हिरवळीवरून चालत गेलो. धावलो असतो तर त्यानं वळून बघितलं असतं. ते अंतर रोजचंच होतं, आणि ते संपता संपेना.

कोपऱ्याजवळ आलो तेव्हा मलाही ऐकू आलं. खोल, फाटका श्वास, ओझं उचलून फार वेळ उभ्या असलेल्या माणसाचा. तो पानांतून येत होता, अगदी जमिनीलगतून.

मी गुडघ्यांवर बसलो आणि फांद्या बाजूला केल्या.

शिडीची खालची पायरी दिसली नाही. तिच्या वरचीही नाही. त्या मातीच्या आत गेल्या होत्या. जी पायरी मातीला टेकली होती तिच्या खालच्या अंगानं, मातीतून वर आलेली, बोटं होती. आम्ही घालतो तसलाच हातमोजा, शिवण उसवलेला, आणि त्यातून बाहेर आलेली नखं, सरूच्या चिकानं हिरवीकाळी झालेली. बोटांनी पायरी घट्ट पकडली होती. ती थरथरत होती. आता सुटतील, मग सुटतील, अशी.

मी ओरडलो नाही याचं कारण धैर्य नव्हे. वर रेडिओ होता. आणि ती थरथर मला ओळखीची होती. उन्हाळ्याच्या दुपारी शिडी धरून धरून हात भरून आले की ते असेच थरथरतात, आणि तरी आपण सोडत नाही, कारण वर माणूस असतो.

मी त्या पायरीवर माझा पाय रोवला, बोटांच्या बाजूला, त्यांना लागणार नाही असा. दोन्ही दांडे धरले. मान खाली घातली.

बोटं एकेक करून सुटली. मातीत परत गेली. श्वासाचा आवाज थांबला.

आणि वजन माझ्यावर आलं.

६

चढायला लागायच्या आधी मी कितीतरी वर्षं शिड्याच धरल्या आहेत. माणसाचं वजन कसं येतं मला माहीत आहे. हे तसं नव्हतं. शिडी खाली जायला बघत होती, सरळ खाली, आणि मी तिला वर ओढून धरलं होतं. खांद्यांतून कळ गेली. दात आवळून मी उभा राहिलो आणि वाट बघितली.

वरून टाच आपटल्याचा आवाज आला. रेडिओ उतरायला लागला. चांगला पाय, मग ओढलेला पाय, मग चांगला. मी त्याच्या प्रत्येक पायरीसाठी श्वास रोखून धरत होतो. अखेर त्याचे बूट माझ्या नाकासमोर आले, एक जमिनीला लागला, दुसरा लागला.

"दाजी?" तो फांद्यांत डोकावला. घामानं निथळत होता आणि हसत होता. "तुम्ही होतात खाली? मला वाटलंच. मी टिचकी मारली तर लगेच टकटक. काय धरता हो तुम्ही. मला पायसुद्धा आठवला नाही."

"शिव्या नंतर देतो," मी म्हणालो. "लागलं नाही ना कुठे?"

"छे. शेंडा बघा काय कापलाय." त्याचे डोळे पाण्यानं भरले आणि त्यानं ते बाहीनं पुसले. "उतरलो, दाजी. माझ्या पायांनी."

मला त्याच्याइतकाच आनंद झाला, हे मी शपथेवर सांगतो. तो माझ्यासमोर धडधाकट उभा होता, आणि आता या बागेत परत यायचं आम्हाला काही कारण उरलं नव्हतं. मी पाय काढायला गेलो.

शिडीवरचं वजन गेलं नव्हतं.

कमी झालं होतं, एका माणसाएवढं. बाकीचं तिथेच होतं. मी स्थिर राहिलो, तसं मला ते पायाच्या तळव्यात कळलं. खूप खालून, मातीत गेलेल्या पायऱ्यांच्याही खालून, एक हलका हेलकावा आला. थांबला. मग पुन्हा आला, थोडा जवळून. चढणारा माणूस पाय बदलतो तेव्हा येतो तसा. घाई नव्हती. त्याला ठाऊक होतं की वर कुणीतरी धरलंय.

"दाजी, सोडा आता," रेडिओ म्हणाला. "मी उतरलो की."

"हो."

"मग धरलीये कशाला? वर कोणी नाही."

तो आत यायला लागला. दुसरा दांडा धरायला, चांगला धरणारा जसा न सांगता पुढे होतो तसा. त्याचा हात दांड्याजवळ आलेला मला दिसला.

"हात लावू नकोस," मी म्हणालो. एवढ्या शांतपणे मी त्याच्याशी कधी बोललो नव्हतो, म्हणून तो थांबला. "आधी ताईला फोन कर. काल रात्रभर ती झोपलेली नाही. जा, फाटकाबाहेर जाऊन कर, इथे आवाज नको. चढलो होतो आणि उतरलो म्हणून सांग."

"तुम्ही पण चला ना. दोघं मिळून शिव्या खाऊ."

"येतो. एवढं आवरतो आणि येतो."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग खांदे उडवले आणि हसला. फांद्या मिटल्या. हिरवळीवरून त्याची पावलं दूर जाताना ऐकू येत राहिली, एक नीट, एक ओढलेलं. त्याला धीर निघाला नाही. फाटकापर्यंत जायच्या आतच त्यानं फोन लावला, आणि सगळ्या वाचनालयाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ताई, ओरडू नकोस, आधी ऐक."

ती काय म्हणाली ते माझ्यापर्यंत पोचलं नाही. पायाखालची पायरी पुन्हा एकदा हलली, आता अगदी जवळून, आणि मी हात जरा वर सरकवून शिडी नीट धरली.